युद्ध आहे का? हो / नाही

२०२५च्या मे महिन्यात, ८ तारखेला दुपारी, माझ्याकडे एक एक्सेल शीट आली. परदेशातल्या एका क्लायंटने पाठवलेली. आपत्काळातही काम चालू राहील ना, हे तपासायचा नेहमीचा फॉर्म. इंटरनेटची दुसरी लाइन आहे का, बॅकअप कुठे ठेवता, टीममधली किती माणसं घरून काम करू शकतात, वगैरे. त्यात सतराव्या ओळीत एक नवा प्रश्न घातला होता: तुमचं कामाचं ठिकाण सशस्त्र संघर्ष चालू असलेल्या प्रदेशात आहे का? समोर ड्रॉपडाऊन. पर्याय दोनच. हो आणि नाही.

टीमची असली कागदपत्रं भरायचं काम माझ्याकडे असतं. मी बॅकएंडचा कोड लिहितो, पण मराठी माणूस फॉर्म नीट भरतो असा आमच्या मॅनेजरचा समज आहे.

तेव्हाची परिस्थिती आठवत असेल. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ जणांचा जीव घेतला गेला. ७ मेच्या पहाटे भारताने पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधल्या नऊ ठिकाणांवर हल्ले केले. त्याच दिवशी देशभर मॉक ड्रिल झालं, भोंगे वाजले. टीव्हीवाले 'युद्ध' म्हणत होते. सरकारचं निवेदन फार जपून लिहिलेलं होतं: कारवाई नेमकी आहे, मोजूनमापून केलेली आहे, तणाव वाढवणारी नाही. आणि माझी शीट विचारत होती, सशस्त्र संघर्ष आहे का?

मी मॅनेजरला विचारलं. त्याने आधी करार उघडला. 'हो' लिहिलं तर करारातलं आपत्तीचं कलम लागू होतं आणि क्लायंटला आमचं काम दुसऱ्या देशातल्या टीमकडे हलवायची मुभा मिळते. 'नाही' लिहिलं आणि उद्या खरंच काही झालं, तर उशिराचा दंड आमच्या डोक्यावर. म्हणजे त्या चौकटीत बसणारा शब्द क्षेपणास्त्रं किती उडाली यावर ठरत नव्हता. बिल कोणाच्या नावावर फाटणार, यावर ठरत होता. वरिष्ठांशी दोन कॉल झाले आणि उत्तर ठरलं: पुणे, नाही.

आमच्या टीममधला एक जण जम्मूचा आहे. कोविडपासून तिथूनच काम करतो. त्या रात्री जम्मूत ड्रोन आले, भोंगे वाजले, शहरभर ब्लॅकआउट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगला तो फोनवरून आला. आईवडिलांना घेऊन रात्रभर जिन्याखाली बसलो होतो म्हणाला, आणि लगेच त्याच्या अर्धवट राहिलेल्या टास्कबद्दल बोलायला लागला. शेवटी त्याने सहज विचारलं, "ती शीट पाठवली का? मी कुठल्या ओळीत आहे?"

शीट ऑफिसवार होती. कंपनीच्या नोंदीत त्याचं ऑफिस पुणे. म्हणून तोही 'नाही'मध्येच होता. मी तसं सांगितल्यावर तो हसला. म्हणाला, "छान. मग ड्रोनवाल्यांनाही कळवा."

१० मेच्या संध्याकाळी ५ वाजता गोळीबार थांबला. शीटही फाइलींच्या ढिगात गेली. पण युद्ध आहे की नाही हे नक्की कोण ठरवतं, आणि कशासाठी, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्यानंतरच्या काही महिन्यांत शनिवार-रविवारी जे वाचलं आणि त्यातून जे हाताशी लागलं, ते इथे मांडतो आहे.

*

पहिली गोष्ट कळली ती ही, की युद्ध जाहीर करायची पद्धत जवळपास संपलेली आहे. १९६२मध्ये भारत आणि चीन यांनी एकमेकांविरुद्ध युद्ध जाहीर केलं नव्हतं. राजनैतिक संबंधही औपचारिकरीत्या तोडले नव्हते. कारगिलला आपण सगळे युद्धच म्हणतो. ५२७ भारतीय जवान तिथे गेले. पण १९९९मध्ये ना युद्धाची घोषणा झाली, ना घटनेच्या ३५२व्या कलमाखाली आणीबाणी लागू झाली. बाहेरही तेच. १९३७पासून जपान चीनमध्ये सरळसरळ लढत होता आणि त्याला 'चीन प्रकरण' म्हणत होता. १९५०मध्ये कोरियात अमेरिकेने 'पोलिसी कारवाई' केली. २०२२मध्ये रशियाने युक्रेनमध्ये 'विशेष लष्करी मोहीम' सुरू केली.

ही पळवाट कायदा करणाऱ्यांना ठाऊक होती. म्हणूनच १९४९च्या चारही जिनिव्हा करारांत दुसरं कलम सारखंच आहे. त्याचा आशय असा: युद्ध जाहीर झालेलं असो वा दोन राष्ट्रांमध्ये दुसरा कुठलाही सशस्त्र संघर्ष असो, करार लागू होणार, एखादा पक्ष युद्धाची स्थितीच मान्य करत नसला तरीही. 'युद्ध' हा शब्द देशांच्या हातात राहिला, तर कैद्यांचं आणि जखमींचं रक्षण त्या शब्दावर लटकत राहील, हे ओळखून त्यांनी शब्दाऐवजी वस्तुस्थिती पकडली.

याचं आपल्याकडचं उदाहरण २०१९च्या फेब्रुवारीतलं आहे आणि ते मला अजूनही चकित करतं. २६ तारखेला हवाई दलाची लढाऊ विमानं बालाकोटवर बॉम्ब टाकून आली. परराष्ट्र सचिवांनी त्याचं वर्णन 'बिगर-लष्करी' प्रतिबंधक कारवाई असं केलं. लढाऊ विमानांनी केलेली बिगर-लष्करी कारवाई! ऐकायला विचित्र वाटतं, पण हेतू साफ होता: आमचा रोख पाकिस्तानच्या सैन्यावर नाही, दहशतवादी तळावर आहे, तेव्हा तुम्हीही इथेच थांबा. दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या ताब्यात सापडले. त्यांचे जखमी अवस्थेतले व्हिडिओ फिरायला लागले. तेव्हा भारताने ठणकावून सांगितलं, की हा जिनिव्हा कराराचा भंग आहे.

चोवीस तासांत दोन भाषा. पहिल्या दिवशी लष्करी शब्द नको होता, कारण संघर्ष वाढू द्यायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी लष्करी कायदा हवा होता, कारण आपला माणूस सुखरूप परत आणायचा होता. तो १ मार्चला परतला. यात ढोंग शोधायला मी निघालेलो नाही. दोन्ही भाषा आपापल्या कामापुरत्या बरोबर होत्या. पण यावरून एक दिसतं: युद्धाची व्याख्या वर्णन म्हणून कमी आणि स्विच म्हणून जास्त वापरली जाते. ती लावली की कुठेतरी काहीतरी चालू होतं. कैद्याचे हक्क, विम्यातला अपवाद, करारातलं कलम. ज्याला जे चालू करायचं असेल तो तसा स्विच दाबतो.

*

मग वाटलं, संशोधक तरी तटस्थपणे मोजत असतील. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात जगभरच्या संघर्षांची नोंद ठेवणारा एक मोठा प्रकल्प आहे. त्यांची व्याख्या थोडक्यात अशी: सत्ता किंवा भूभाग यांवरून वाद हवा, निदान एक पक्ष सरकार हवा, सशस्त्र बळ वापरलेलं हवं आणि एका कॅलेंडर वर्षात लढाईत निदान २५ माणसं मेलेली हवीत. मृत्यू १००० झाले की त्याला युद्ध म्हणायचं.

प्रोग्रामर म्हणून मला ही व्याख्या आवडली. आकडा आहे, तुलना करता येते, कोणी काय म्हणतं याच्याशी देणंघेणं नाही. त्यात 'शस्त्र' म्हणजे काय तेही लिहिलेलं आहे: कुठलंही भौतिक साधन. बंदुका आल्याच, पण काठ्या, दगड, आग आणि पाणीसुद्धा.

काठ्या-दगडांशी मी थांबलो. १५ जून २०२०च्या रात्री गलवान खोऱ्यात भारत आणि चीन यांचे सैनिक नेमके याच शस्त्रांनी लढले. १९९६च्या करारानुसार प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळी चालवायची नाही असं ठरलेलं होतं. म्हणून दोन अण्वस्त्रधारी देशांचे सैनिक खिळे ठोकलेले दंडुके आणि दगड घेऊन अंधारात एकमेकांवर धावले. भारताचे २० जवान गेले. चीनने आठ महिन्यांनी, फेब्रुवारी २०२१मध्ये, आपले चार मेल्याचं मान्य केलं. दोन्ही सरकारांच्या आकड्यांची बेरीज २४ होते.

चोवीस. निव्वळ सरकारी आकड्यांवर चालणाऱ्या माणसाला ही रात्र 'सशस्त्र संघर्षा'च्या रेषेला एकाने कमी पडलेली दिसेल. रेषा कुठेतरी आखावी लागतेच, त्याला इलाज नाही. पण पंचविसावा माणूस मोजला जातो की नाही, हे पेइचिंगमधलं कोणीतरी कधी आणि किती बोलायचं ठरवतं यावर अवलंबून असू शकतं, हे ध्यानात आल्यावर आकड्याची तटस्थता मला पूर्वीइतकी भक्कम वाटेना.

आणि दुसरी अडचण माझ्या रोजच्या कामातली आहे. सर्व्हरवर लक्ष ठेवायला आम्ही अलर्ट लावतो. समजा, एका मिनिटात शंभर चुकीचे पासवर्ड आले तर रात्री दोन वाजता माझा फोन वाजणार. हा शंभरचा आकडा ज्या चोराला कळतो तो मिनिटाला नव्वद वेळा प्रयत्न करतो. घाई नाही, गोंधळ नाही, रात्रभर सावकाश. फोन वाजत नाही. मर्यादा जाहीर असली की ती ओलांडू नये याची काळजी सगळ्यात जास्त कोण घेतं, तर हल्लेखोर.

दक्षिण चीन समुद्रात हे उघड्यावर चालू आहे. सेकंड थॉमस शोल या प्रवाळखडकावर फिलिपिन्सने एक जुनं जहाज मुद्दाम रुतवून ठेवलंय आणि त्यावर सैनिक ठेवलेत. त्यांना रसद घेऊन जाणाऱ्या बोटींवर २०२३-२४मध्ये चीनची तटरक्षक जहाजं पाण्याच्या तोफा मारत होती. नौदलाची जहाजं मागे, तटरक्षक पुढे, मासेमारीच्या नावाखाली आलेल्या बोटी आणखी पुढे. १९५१च्या करारानुसार फिलिपिन्सवर 'सशस्त्र हल्ला' झाला तर अमेरिका मदतीला बांधलेली आहे. पाण्याचा फवारा म्हणजे सशस्त्र हल्ला का? मे २०२४च्या शेवटी फिलिपिन्सचे अध्यक्ष मार्कोस यांनी सिंगापूरच्या परिषदेत आपली रेषा जाहीर केली: जाणूनबुजून केलेल्या कृतीत फिलिपिनो माणूस मेला, तर ते युद्धकृत्याच्या फार जवळ जाईल. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १७ जूनला, चिनी तटरक्षक सुरे आणि कुऱ्हाडी घेऊन फिलिपिनो बोटींवर चालून गेले. एका नौसैनिकाचा अंगठा तुटला. कोणी मेलं नाही.

*

आता आमच्या क्षेत्रातलं. इथे दगडही नाही आणि पाणीही नाही.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एका झटक्यात अंधारात गेली. मी तेव्हा ठाण्यात मामांकडे होतो, नोकरीचं दुसरं वर्ष. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे गेल्या. कोविड ऐन भरात होता, रुग्णालयं जनरेटरवर होती. मामी खालच्या मजल्यावरच्या आजींकडे धावल्या, कारण आजींना घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलेला होता आणि तो विजेवर चालतो. सोसायटीतल्या कोणाच्या तरी इन्व्हर्टरवर सोय झाली.

साडेचार महिन्यांनी रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. चीनशी संबंध असलेल्या एका गटाने भारतातल्या वीजक्षेत्रातल्या दहा संस्थांमध्ये आणि दोन बंदरांमध्ये शिरकाव केला होता, असं त्यात होतं. मुंबईच्या अंधाराशी त्याचा संबंध सिद्ध होत नाही, हेही त्याच अहवालात होतं. मार्च २०२१मध्ये राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाचा प्राथमिक अहवाल मांडला: वीज मंडळाच्या यंत्रणेत चौदा ट्रोजन, आठ जीबी बेहिशोबी डेटा, घातपाताची शक्यता. लगोलग केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, ही मानवी चूक होती, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. वाहिन्या त्याच, अंधार तोच, आणि दोन सरकारांची दोन उत्तरं. राज्यात आणि केंद्रात वेगवेगळे पक्ष होते हे इथे सांगायला हवं.

मी यातला तज्ज्ञ नाही. पण बिघाडाचं मूळ शोधायचं काम रोज करतो, म्हणून एवढं सांगू शकतो: घरात चोर सापडणं आणि घरातला दिवा विझणं या दोन स्वतंत्र घटना आहेत. त्या जोडायला सेकंदासेकंदाच्या नोंदी लागतात. दुसरं असं, की हेरगिरीसाठी शिरलेला प्रोग्राम आणि घातपातासाठी शिरलेला प्रोग्राम हे बऱ्याचदा शेवटच्या कमांडपर्यंत सारखेच असतात. हेरगिरी हा आंतरराष्ट्रीय कायद्यात बळाचा वापर मानला जात नाही. घातपात मानला जाऊ शकतो. म्हणजे एखाद्या उपकेंद्रात वर्षभर निपचित पडून राहिलेला ट्रोजन कायद्याच्या दृष्टीने नक्की काय आहे, हे तो काही करेपर्यंत ठरतच नाही.

एस्टोनियात २००७मध्ये बँका, वृत्तपत्रं आणि सरकारी साइट्स ठप्प पाडल्या गेल्या. त्यानंतर कायदेपंडितांच्या एका गटाने तिथेच, टॅलिनमध्ये बसून, २०१३ साली सायबर युद्धाच्या कायद्याची नियमपुस्तिका तयार केली. २०१७मध्ये तिची वाढीव आवृत्ती आली. त्यात सायबर 'हल्ला' म्हणजे ज्यातून माणसं जखमी होणं, मरणं किंवा वस्तूंचं नुकसान होणं अपेक्षित आहे अशी कृती. मग हार्ड डिस्क शाबूत आहे पण तिच्यावरचं सगळं पुसलं गेलंय, हे वस्तूचं नुकसान का? पंडितांचं यावर एकमत नाही. डेटा गमावलेल्या कुठल्याही माणसाला विचारलं तर त्याचं उत्तर लगेच मिळेल.

उलट टोकही आहे. ऑपरेशन सिंदूरनंतर महाराष्ट्र सायबरने सांगितलं, की पंधरा लाख सायबर हल्ले झाले आणि त्यांतले १५० यशस्वी झाले. पंधरा लाख हा आकडा बातमीत भयंकर वाटतो. पण इंटरनेटवर उघड्या असलेल्या कुठल्याही सर्व्हरची दारं दिवसभर कोणी ना कोणी ठोठावतच असतं. प्रत्येक ठोठावणं हल्ला धरलं तर आपण सगळे कायमच युद्धात आहोत, आणि काहीच हल्ला नाही म्हटलं तर कधीच नाही.

*

या सगळ्यात माझ्या घरापर्यंत पोचलेली घटना मात्र मला फार उशिरा कळली.

२७ जून २०१७. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी मी-डॉक नावाचं एक हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरतात. आपल्याकडे टॅली आहे, साधारण तसं. त्याच्या अपडेटमधून एक प्रोग्राम सुटला. पुढे त्याला नॉटपेट्या हे नाव पडलं. पडद्यावर तो ३०० डॉलरची खंडणी मागायचा, पण पैसे भरूनही फाइली परत मिळायची सोय त्यात नव्हतीच. वेश खंडणीखोराचा, काम पुसून टाकायचं. तो युक्रेनपुरता राहिला नाही. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीला ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. घानामधल्या तिच्या कार्यालयात नेमकी त्या वेळी वीज गेलेली होती, म्हणून तिथला एक महत्त्वाचा सर्व्हर वाचला आणि त्यावरून पुढची जुळवाजुळव झाली. जगभरच्या ७६ टर्मिनलपैकी १७ बाधित झाली. त्यात न्हावा-शेवातलंही एक होतं.

आम्ही उरणचे. बाबांचे दोन ट्रेलर आहेत, कंटेनर वाहतुकीचे. २०१७मध्ये माझं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष संपलं होतं, सुट्टीला घरी आलो होतो. त्या आठवड्यात बंदराच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली, करळ फाट्याच्या बाजूला. आमच्या दोन्ही गाड्या त्यात. पाऊस चालू. ड्रायव्हर गाडीखाली स्टोव्ह पेटवून भात शिजवत होते. मी दोनदा मोटरसायकलवरून डबा आणि पाणी घेऊन गेलो. कोणालाच काही माहीत नव्हतं. सगळे एकच सांगत होते, सर्व्हर डाऊन आहे, कामं हाताने चाललीत. ट्रिप झाली तर पैसे. गाडी नुसती उभी असली तरी ड्रायव्हरचा भत्ता आणि बँकेचा हप्ता उभा राहत नाही. बाबांच्या वहीत त्या तारखांना अजून लिहिलेलं आहे: 'गाडी उभी. सर्व्हर.'

तक्रार करायची तर कोणाविरुद्ध? टर्मिनल स्वतःच मार खाल्लेलं. तेव्हा कोणी तक्रार केली नाही. दुसऱ्या महिन्यात दोन ट्रिपा जास्त मारल्या, विषय संपला.

फेब्रुवारी २०१८मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी या हल्ल्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. ऑक्टोबर २०२०मध्ये अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर संस्थेच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. तोवर दुसरीकडे एक वेगळाच खटला सुरू झाला होता. मर्क या औषध कंपनीचं याच हल्ल्यात सुमारे १.४ अब्ज डॉलरचं नुकसान झालं होतं. तिच्याकडे सगळ्या जोखमींचा विमा होता. विमा कंपन्या म्हणाल्या, हे रशियाचं शत्रुकृत्य आहे, युद्धसदृश आहे, आणि पॉलिसीत युद्ध वगळलेलं आहे. पैसे मिळणार नाहीत.

इथे सगळ्या भूमिका उलट्या होतात. देश युद्ध असताना 'युद्ध नाही' म्हणतात. विमा कंपनी, ज्यात गोळी सुटली नाही, त्याला युद्ध म्हणते. कारण बिल. न्यू जर्सीच्या न्यायालयाने डिसेंबर २०२१मध्ये मर्कच्या बाजूने निकाल दिला आणि मे २०२३मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला. मुद्दा असा होता, की हे कलम लष्करी कृतीसाठी लिहिलेलं आहे; हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेला प्रोग्राम त्यात बसत नाही. जानेवारी २०२४मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली. पण विमाधंद्याने धडा घेतला. ३१ मार्च २०२३पासून लंडनच्या लॉइड्स बाजारातल्या सायबर पॉलिसींमध्ये, सरकारच्या पाठबळाने झालेल्या मोठ्या हल्ल्यांना वगळणारं कलम घालणं सक्तीचं झालं. म्हणजे पुढच्या वेळी व्याख्या आधीच बदललेली असेल.

हे सगळं वाचून मी बाबांना फोनवर सांगितलं. २०१७च्या त्या रांगेचं मूळ रशिया-युक्रेनच्या भांडणात होतं म्हणून. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या गाड्या युद्धात अडकल्या होत्या म्हणायचं?"

"तसं म्हणायला हरकत नाही."

"कोणाच्या बाजूने?"

याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

*

व्याख्याच नकोत, असं मला म्हणायचं नाही. व्याख्या नसती तर अभिनंदनसाठी कुठल्या कागदावर बोट ठेवलं असतं? पण एका शब्दाकडून आपण फार कामं करून घेतो आहोत. कैद्याचं रक्षण, विम्याचा दावा, संशोधकाचा तक्ता, देशाची प्रतिष्ठा, आणि शेवटी ज्याचं नुकसान झालं त्याची भरपाई. यातलं शेवटचं काम त्या शब्दापासून सोडवून घेता येतं, असं मला वाटतं.

आमच्याकडे सर्व्हर पडला की पहिल्या दहा मिनिटांत गंभीरता ठरवावी लागते. ती कारणावरून ठरवत नाहीत. कारण कळायला आठवडे जातात. किती लोकांचं काम अडलं, यावरून ठरवतात. ते लगेच कळतं. आधी सेवा सुरू करायची, मग चौकशी. कोणी केलं, मुद्दाम केलं का, याला काय म्हणायचं, हे सगळं नंतर.

असा विचार आपल्या सरकारी व्यवस्थेला अगदीच परका नाही. दहशतवाद, जातीय दंगल आणि नक्षलवादी हिंसा यांत बळी पडलेल्या नागरिकांच्या कुटुंबांना मदत देणारी केंद्राची एक योजना आहे. २०१६मध्ये तिच्यात सीमेपलीकडच्या गोळीबाराचे आणि सुरुंगांचे बळी घेतले आणि रक्कम पाच लाख केली. गडचिरोलीतल्या माणसासाठी आणि पूंछमधल्या माणसासाठी योजना एकच. त्या वेळी युद्ध चालू होतं का, असं तिथे कोणी विचारत नाही. तिची मर्यादा दुसरी आहे. ती मृत्यू किंवा मोठं अपंगत्व आलं तरच लागू होते. जिन्याखाली काढलेली रात्र, बंद पडलेला कॉन्सन्ट्रेटर, रांगेत उभा ट्रेलर यांच्यासाठी तिच्यात जागा नाही. पुढच्या काळातले संघर्ष जर मुद्दाम चोविसावर थांबणार असतील, अंगठ्यावर थांबणार असतील, सर्व्हरवर थांबणार असतील, तर नुकसानही तिथेच होणार आहे आणि मोजायची पट्टी तिथपर्यंत न्यावी लागणार आहे. कोणी केलं याचा शोध चालू द्यावा, चार वर्षं लागली तरी. ज्याचं घर अंधारात गेलं त्याला मात्र त्या निकालापर्यंत थांबवू नये.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा ट्रेलरच्या विम्याचे कागद काढून वाचले. नुसत्या खोळंब्याचे पैसे त्यात मिळत नाहीत, ते माहीत होतं. मला वगळलेल्या गोष्टींची यादी बघायची होती. त्यात युद्ध आहे, परकीय शत्रूची कृती आहे, युद्धसदृश कारवाया आहेत, आणि कंसात लिहिलं आहे की त्या युद्धाच्या घोषणेआधीच्या असोत वा नंतरच्या. बारीक टाइप, पान तिसरं. मी तो मजकूर बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, इतकी वर्षं सही करतोय, हे कधी वाचलंच नव्हतं. तुमच्या घरात स्कूटर असेल तर तिच्याही पॉलिसीत हे कलम बहुधा सापडेल. एकदा काढून बघा.